बाहुलीला विचारू द्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण चिटणीस वहिनी म्हणाल्या, "पडद्यामागे बसून घटकाभर बोलतेस ना? मग आज पडदा नाही एवढेच समज." तेव्हा ज्या पडद्यामागे मी बसते त्याच्याविषयीच बोलावे हे बरे. गेली तीन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आपल्या मंडळाच्या खोलीत मुलांसाठी बाहुल्यांचा खेळ होतो. तो आपण कसा करतो, कशासाठी करतो, आणि त्यातून मुलांच्या आणि आपल्याही पदरात काय पडते, हे थोडक्यात सांगते.

आपल्या मुलखाला बाहुली नवी नाही. कुडाळजवळचे पिंगुळी गाव आपण सर्वजणी जाणतो. तेथील ठाकर मंडळी पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवीत आली, चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडीत आली आणि चित्रकथीच्या पोथ्या दाखवीत आली. चित्रामागून चित्र पुढे करायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातले आख्यान गाऊन सांगायचे, अशी ती रीत. त्यांच्यापैकी श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्याच्या जागेत या कलेचे संग्रहालय मांडले आहे. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा जरूर जावे. ज्ञानेश्वरीतसुद्धा दोरीवर चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त आहे, म्हणजे महाराष्ट्रात हा खेळ सातशे वर्षांहून जुना ठरतो.

त्या थोर कलेच्या पासंगालाही आपला पायमोज्याचा खेळ पुरणार नाही. पण त्या मंडळींकडून एक गोष्ट मी उचलली. रामायणाची कथा समोरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असते, तरी माणसे रात्र जागवून पाहतात. मुलांचेही तसेच आहे. त्यांना ठाऊक असलेली गोष्टच पुन्हा पुन्हा हवी असते. आणि गोष्ट ठाऊक असली म्हणजे मुलांना पुढचे आधीच सांगता येते, मध्येच थांबवता येते, बाहुलीशी भांडता येते. म्हणून आम्ही नवीन कथा शोधीत बसलो नाही. चिऊ-काऊ, म्हातारी आणि भोपळा, लांडगा आला रे आला, माकड आणि मगर, असल्या आपल्या आजीच्या मांडीवरच्या गोष्टीच घेतल्या.

गोष्टीतून शहाणपण शिकवावे हेही जुनेच आहे. पंचतंत्रात विष्णुशर्म्याने राजाच्या तीन मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत शहाणे करून सोडले, ते पशुपक्ष्यांच्या गोष्टी सांगून. अलीकडच्या काळात भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले आणि गोष्टीला मानाचे पान दिले. त्यांचे 'दिवास्वप्न' मी वाचनालयातून आणून वाचले. त्यात वर्गातली मुले ऐकत नाहीत तेव्हा शिक्षक गोष्टीपासूनच सुरुवात करतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे ठाणे जिल्ह्यात, प्रथम बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. आज घराजवळ अंगणवाडी दिसते, त्या शब्दामागे ताराबाई आणि अनुताई वाघ यांचे कष्ट आहेत.

आता कोणी विचारील की गोष्ट तोंडानेही सांगता येते, मग बाहुली कशाला? त्याचे कारण असे. आपण मोठी माणसे मुलाला काही विचारतो तेव्हा मूल आपल्या तोंडाकडे पाहते आणि आपल्याला कोणते उत्तर हवे आहे ते ओळखते. "खोटे बोलावे का?" असे आई विचारते तेव्हा "नाही" हे उत्तर प्रश्नातच असते. बाहुलीच्या चेहऱ्यावरून काही ओळखता येत नाही. शिवाय ती मुलापेक्षा लहान असते आणि मुलाहून कमी शहाणी असते. तिला सांगण्यात, शिकवण्यात मुलाला मोठेपणा वाटतो. जे मूल घरी पाहुण्यांपुढे तोंड उघडत नाही, ते बाहुलीला दरडावून सांगते, "अगो, तिकडे जाव नको, थय वाघ हा!"

बाहुली करण्याला खर्च म्हणाल तर नाहीसाच. आपला काऊ जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा आहे आणि चिऊ तपकिरी पायमोज्याची. म्हातारीचे आणि वाघाचे तोंड कागदाच्या लगद्याचे आहे. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवायचे, सकाळी पिळून वाटायचे, त्यात पिठाची खळ आणि थोडी मेथीची पूड घालून मळायचे. जुन्या बायका कागदाच्या टोपल्या करीत तशीच ही कृती. तर्जनी आत जाईल एवढी पुठ्ठ्याची नळी मध्ये ठेवून तिच्याभोवती डोके घडवायचे आणि उन्हात तीन-चार दिवस कडकडीत वाळवायचे. आपल्याकडे पाऊस सुरू झाला की काही वाळत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावे. मग झबल्यासारखे कापड शिवून गळ्याशी बांधले की झाले. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधले बोट दोन हातांत. पडदा म्हणजे दाराच्या चौकटीत बांधलेले जुने लुगडे. खेळ वीस मिनिटांहून अधिक लांबवू नये. मुले पंचवीस-तीसहून जास्त नसावीत, नाहीतर ओरडा होतो आणि बोलणे राहते.

आता खेळात काय होते ते सांगते. चिऊ-काऊची गोष्ट आपण सर्वजणी लहानपणापासून ऐकत आलो. काऊचे घर शेणाचे, ते पावसात वाहून जाते. चिऊचे मेणाचे, ते टिकते. काऊ दाराशी येतो आणि चिऊ बाळाला न्हाऊमाखू घालण्याच्या सबबीवर दार उघडायला वेळ लावते. आमच्या खेळात काऊ तिसऱ्यांदा दार वाजवतो, आणि मग पडद्यावरून मुलांकडे वळून विचारतो, "मुलांनो, मी भिजलंय, माका थंडी लागता. ही दार उघडणा नाय. तुम्ही चिऊ असतास तर काय केलं असतास?"

पहिल्यांदा हा प्रश्न विचारला त्या दिवशी निम्मी मुले ओरडली, "उघड! उघड!" तेवढ्यात सात वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि ठामपणे म्हणाली, "नाय उघडूचा. आयेन सांगल्यान हा, ती येयसर दार उघडूचा नाय." तिची आई काजूच्या कारखान्यात जाते आणि दिवेलागणीला परत येते. शाळा सुटल्यापासून तोवर ही पोर घरात एकटी असते. मागे बसलेल्या बायांपैकी एकीने तिला हळूच दटावले, "अगो, उघडूक होया, असा म्हण." मी पडद्यामागून हात वर करून त्यांना थांबवले.

भगिनींनो, त्या पोरीचे चुकले का? आपण आल्यागेल्याला पाणी द्यावे म्हणतो, भिजलेल्याला आसरा द्यावा म्हणतो. आणि त्याच मुलांना घरी एकटे ठेवून जाताना दार उघडू नका म्हणूनही बजावतो. दोन्ही शिकवणी खऱ्या आहेत. त्या एकाच दारापाशी समोरासमोर येतात तेव्हा काय करायचे, हे मात्र आपण कोणी सांगत नाही. मुलांनी ते त्या दिवशी आपसांत भांडून काढले. बराच गलका झाला. शेवटी आठ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "दार उघडू नको. खिडकीतसून टुवालो दी, आणि शेजारच्या काकीक हाक मार." झाले! आम्ही घाईघाईने खारूताईची बाहुली शेजारची काकी म्हणून आणली. चिऊने खिडकीतून टॉवेल टाकला, खारूताई आली, आणि मग दोघींनी मिळून काऊला घरात घेतले. मदत करायची, पण एकट्याने धोका पत्करायचा नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. हे मी एका तासाच्या उपदेशात सांगू शकले नसते. सांगितले असते तरी कोणी ऐकले नसते.

त्याच गोष्टीत पुढल्या खेपेला आणखी एक प्रसंग घडला. एका मुलाने काऊलाच फटकारले, "तू शेणाचा घर बांधलस कित्याक? मेणाचा बांधूचा!" म्हणजे काऊ आळशी, त्याने आधी विचार केला नाही, हे आपले नेहमीचे तात्पर्य. त्यावर एक मुलगी पटकन म्हणाली, "मेण म्हाग आसता मगे." सगळ्या आया हसल्या. मी मात्र आत विचारात पडले. इतकी वर्षे ही गोष्ट आपण सांगतो, पण काऊला शेणाचे घर का बांधावे लागले असेल, असे कधी कोणाच्या मनात आले नव्हते.

याच खेळात मुलांच्या मागच्या रांगेत सहा वर्षांचा एक मुलगा बसायचा. त्याचे आईबाप घाटावरून चिऱ्यांच्या खाणीवर कामाला आले आहेत. तो आधी तीन खेळांना आला, पण त्याच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. त्याची बोली निराळी, म्हणून आपली मुले त्याला हसत. त्या दिवशी खेळ संपला, मुले उठली, आणि हा पडद्यापाशी येऊन काऊला म्हणाला, "तू रातीला कुटं झोपलास?"

मी काऊच्या आवाजात म्हटले, "झाडावर. आणि तू?"

तो म्हणाला, "साळंत. आमच्या बी घरात पानी आलं हुतं. लई मानसं हुती साळंत."

२०१९ आणि २०२१ साली कोल्हापूर-सांगलीकडे पुराने काय अनर्थ केला ते आपण सर्वांनी ऐकले. पण पुरात घर सोडून शाळेत झोपलेले पोर आपल्याच मंडळाच्या खोलीत बसले आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते. दारापाशी चपला शोधणारी मुले थांबली, परत आली आणि त्याला विचारू लागली. किती पाणी होते, साप होते का, पुस्तके भिजली का. तो सांगत होता आणि मुले ऐकत होती. त्या दिवसापासून त्याला कोणी चिडवीत नाही असे मी म्हणणार नाही, दोघे-तिघे अजून चिडवतात. पण आता तो उत्तर देतो.

दुसरी गोष्ट खरेखोटेपणाची. मुलांना आपण सांगतो की खोटे बोलू नये, आणि त्यासाठी लांडगा आला रे आला ही गोष्ट उत्तम. पण म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी वाघाला काय सांगते? लेकीकडे जाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा. आणि येताना भोपळ्यात बसून निसटते. माकड मगरीला सांगते की काळीज झाडावर राहिले. ही दोघे धडधडीत खोटे बोलतात आणि आपण त्यांना शहाणे म्हणतो! मुलांना हे कळत नाही असे समजू नका. म्हणून आम्ही एका शनिवारी मुद्दाम दोन्ही खेळ लागोपाठ केले. गुराखी पोराची बाहुली म्हातारीच्या बाहुलीला म्हणाली, "आजये, तूय खोटा बोललस आणि मीय खोटा बोललंय. मग तुका शाबासकी आणि माका मार कित्याक?"

मुलांनी खूप डोके खाजवले. कोणी म्हणाले, आजी म्हातारी आहे म्हणून. कोणी म्हणाले, वाघ वाईट आहे म्हणून. मग एक मुलगी म्हणाली, "आजी मरनार व्हती. तू नुसती गंमत केलंस." आणि दुसऱ्याने भर घातली, "गाववाले तुझ्यासाठी धावत इले, वाघ काय आजीसाठी धावत नाय इलो." जीव वाचवण्यासाठी दुष्टाला चकवणे वेगळे, आणि आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला फसवणे वेगळे. एवढा बारीक भेद त्या पोरांनी आपल्या भाषेत नेमका मांडला. उद्या एखाद्या अनोळखी माणसाने रस्त्यात गाठले आणि "घरी कोण आहे?" असे विचारले, तर "बाबा आत आहेत" असे सांगून मूल निसटेल. आणि घरी आल्यावर आईला मात्र खरे ते सांगेल. आपल्याला एवढेच हवे आहे.

ज्या भगिनींना हा खेळ करावासा वाटेल त्यांच्यासाठी अनुभवाने बसलेले चार नियम सांगते.

पहिला, बाहुलीने कधी उपदेश करू नये. तिने चुकावे, विसरावे, अडावे आणि विचारावे. बाहुली मास्तर झाली की मुले जांभया देतात.

दुसरा, प्रश्न विचारल्यावर थांबावे. मनात दहा आकडे मोजावेत. मोठ्या माणसाला ती शांतता सोसत नाही आणि तीच उत्तर देऊन मोकळी होते. मुलाला विचार करायला वेळ लागतो, तो द्यावा.

तिसरा, चुकीच्या उत्तराला हसू नये आणि मागे बसलेल्या आयांनी दटावू नये. उत्तर अगदीच भलते असेल तर बाहुलीने ते करून पाहावे, आणि काय होते ते मुलांनाच दिसू द्यावे.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. मूल बाहुलीला कधी कधी असे काही सांगते की जे त्याने कोणालाच सांगितलेले नसते. कोणी मारते, कोणी नको तेथे हात लावते. असे झाले तर चारचौघांत पुढे काही विचारू नये, अविश्वास दाखवू नये, आणि बाहेर जाऊन त्याची चर्चा तर मुळीच करू नये. "सांगितलेस ते बरे केलेस, तुझी काही चूक नाही," एवढे म्हणावे आणि अध्यक्षीणबाईंच्या कानावर घालावे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. अशा अत्याचारापासून मुलांचे रक्षण करण्यासाठी २०१२ साली कायदा झाला आहे, आणि ज्याला असे कळले त्याने ते कळवलेच पाहिजे असे तो कायदा सांगतो. घराण्याची अब्रू म्हणून झाकून ठेवणे मुलाच्या जिवावर येते.

आपल्यातल्या दोन वडीलधाऱ्या भगिनींनी प्रेमाने काही शंका काढल्या, त्यांना उत्तर दिल्याशिवाय खाली बसणे बरे नव्हे. थोरल्या काकींचे म्हणणे, की गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगितलेच पाहिजे, नाहीतर मूल काय शिकले ते कसे कळणार? काकी, तात्पर्य सांगितले की मुले टाळ्या वाजवून उठतात आणि खाऊच्या डब्याकडे धावतात. प्रश्न विचारून सोडले की घरी जाऊन आजीशी वाद घालतात. तुमचाच नातू तुमच्याशी दोन दिवस चिऊच्या दारावरून भांडत होता, हे तुम्हीच मला हसत सांगितलेत.

दुसरी शंका अशी, की वाडवडिलांच्या गोष्टी मोडू नयेत. ही भीती मला समजते. पण या गोष्टी कधी एका साच्यात नव्हत्या. माझ्या माहेरी चिऊ काऊला शेवटी चुलीपाशी शेकायला बसवते. सासरी ऐकली त्या गोष्टीत काऊला चटका बसतो आणि तो उडून जातो. दर घरची आजी आपल्या समजुतीप्रमाणे शेवट करीत आली. आम्ही मुलांना एवढेच सांगतो की जुनी गोष्ट अशी आहे, ती आधी पुरी ऐका, आणि मग तुमचा शेवट सांगा. त्यामुळे जुनीही राहते आणि नवीही होते.

आता मंडळाकडे मागणे. हल्ली रात्री जेवताना मुलाच्या पुढे मोबाईल ठेवल्याशिवाय घास उतरत नाही, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मोबाईलमध्येही गोष्टी असतात, चांगल्याही असतात. पण त्यातला काऊ तुमच्या मुलाचे उत्तर ऐकायला थांबत नाही. बोटाला रुमाल गुंडाळून दहा मिनिटे काऊ झालात तरी पुरे. हे प्रत्येक घरी व्हावे ही पहिली विनंती.

दुसरी विनंती, आम्ही पडद्यामागे तिघीच आहोत. आणखी चार हात हवेत. आवाज गोड असण्याची गरज नाही, काऊला तर नसलेलाच बरा. जुन्या छत्र्या, पायमोजे, बटणे टाकून देऊ नका, मंडळात आणून द्या.

तिसरी विनंती आज समोर बसलेल्या आज्यांना. आपल्याकडच्या किती गोष्टी तुमच्याबरोबर घरातच राहिल्या आहेत! मंडळाने एक जाड वही घातली आहे. येत्या वर्षात प्रत्येकीने एक गोष्ट सांगावी, तुमच्या बोलीत, तुमच्या शेवटासकट. आमच्यापैकी कोणी ती लिहून घेईल. पुढल्या वर्धापनदिनापर्यंत पन्नास गोष्टी झाल्या तर मंडळाची ती मोठी ठेव होईल.

खाणीवरच्या मुलांना पुढच्या महिन्यापासून खेळाला आणायचे असे कार्यकारिणीत बोलणे झाले आहे. वाट दोन मैलांची आहे, आणि आणण्या-पोचवण्याला कोणीतरी हवे. ज्यांना शनिवारी दुपारी सवड असेल त्यांनी चिटणीस वहिनींकडे आजच नाव द्यावे.